बापूंची टाच

आमच्या गुजर घरांत सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, आणि समोर चुलतसासरा असेल तर तो जरा जास्तच पुढे ओढते. मीही ओढते. पण "हिच्या जिभेवर कुणाला पदर टाकता आला नाही," असं माझी सासू म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणूनच बहुधा रूपचंद बापूंना नंदुरबारच्या दवाखान्यात न्यायचं काम माझ्या गळ्यात आलं.

बापू माझे चुलतसासरे. तापीकाठी, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे आमचं गाव. त्यांच्या आणि आमच्या घराला मधली भिंत एकच. त्यांची बायको जसोदाबाई, म्हणजे आमच्या मोठ्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नवनीत पुण्याला नोकरीला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, "जेवलात का? बरं आहे ना?" असं विचारतो आणि बापू "हो, हो" म्हणून ठेवून देतात. एवढंच काय ते संभाषण. केळीची बाग बटाईनं दिलेली. घराच्या चार खोल्यांपैकी तीन बंद. जेवणाचं ताट आमच्याकडून जातं. माणूस तसा ताठ, अंगावर स्वच्छ धोतर, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

फक्त एक गोष्ट. बापू सकाळी कसुंबा घेत.

कसुंबा म्हणजे अफूचं पाणी. बापूंचे आजोबा काठियावाडकडून बैलांच्या व्यापाराला आले आणि इथंच राहिले. त्यांनी ही रीत सोबत आणली, असं सांगतात. गावात आणखी कुणाच्या घरी ती नाही. पितळेच्या छोट्या खलात अफू घोटायची, पाण्यात कालवायची, फडक्यातून थेंब थेंब गाळायची. चहासारखा रंग येतो. मग ते तळहातावर घेऊन दुसऱ्याला पाजायचं. हे महत्त्वाचं. कसुंबा स्वतःच्या तळहातावरून कधी प्यायचा नाही. तुम्ही माझ्या हातून घ्या, मी तुमच्या हातून घेतो. स्वतःच्या हातानं घेतो तो अफूबाज, दुसऱ्याच्या हातून घेतो तो पाहुणा. हा बापूंचा कायदा. आणि समोरच्यानं पुढे केलेला हात नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. जुनी भांडणंसुद्धा म्हणे त्या एका घोटानं मिटायची.

माझं लग्न होऊन मी आले तेव्हा बापूंच्या ओट्यावर सकाळी पाच-सहा पागोटी दिसायची. अर्धा तास बसायचे, हसायचे, पावसाचं आणि कापसाचं बोलायचे, आपापल्या शेतात जायचे. आम्हा बायकांना त्या ओट्यावर जागा नव्हती, आणि मला हवीही नव्हती. बेकायदा माल, सीमेपलीकडून कुणीतरी गुपचूप आणून देणार, आणि वर थाट असा की जणू देवाचं तीर्थच. मी नवऱ्याला, भूपेंद्रला, म्हणायचे, "हे तुमच्या घराण्याचं नाक पोलिसांच्या गाडीत बसून जाईल एक दिवस." मोठ्यांना कोण बोलणार?

पोलीस आले नाहीत. मरण आलं. एकेक पागोटं कमी होत गेलं आणि शेवटी दोघंच उरले. बापू आणि धुडकू आप्पा.

धुडकू आप्पा गावातले पाटील, आमच्या जातीचे नव्हेत. पण शाळेपासून दोघांची जोडी. एकाच तालमीत माती खाल्लेली, एकाच बैलगाडीतून लग्नाची वऱ्हाडं गेलेली. त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीच्या उतारावर. मग आप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांचं ओट्यावर येणं बंद झालं, तसे बापू त्यांच्याकडे जायला लागले. रोज सकाळी, छोटी बाटली खिशात टाकून, गाव ओलांडून.

आप्पांची सून आशा माझ्या बरोबरीची. तिनं मला सांगितलं ते असं. उजवा हात लुळा, आणि डाव्या हातानं द्यायचं म्हणजे अपमान. तेव्हा बापू खाटेशेजारी बसायचे, आप्पांचा मेलेला उजवा हात उचलायचे, खालून आपल्या हाताचा आधार द्यायचे, त्या तळव्यात कसुंबा ओतायचे आणि वाकून त्यातून प्यायचे. मग आपल्या तळहातावरून आप्पांना घोटभर पाजायचे. दोघंही बोलायचे नाहीत. आप्पांना बोलताच येत नव्हतं, आणि बापूंना मुळात बोलायची फारशी हौस नव्हती. थोडा वेळ बसून बापू परत यायचे. दिवसभरात त्यांना दुसऱ्या माणसाचा स्पर्श व्हायचा तो तेवढाच. हे मला फार उशिरा उमगलं.

दिवाळीच्या सुमारास बापूंच्या टाचेत कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसला. वेचणी झालेल्या शेतातून जाताना चप्पल फाडून आत गेला. त्यांनी तो ओढून काढला, हळद दाबली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले आप्पांकडे. पंधरवडा झाला, महिना झाला, जखम तशीच. ओठ उघडल्यासारखी. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, मलम दिलं. वास यायला लागला तेव्हा मी भूपेंद्रला म्हटलं, "तुम्ही मिरचीच्या लिलावाला जाणारच आहात ना? आम्हाला गाडीत घ्या."

नंदुरबारात त्या दिवसांत मिरचीच मिरची. मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांवरून वारा सुटला की सगळं गाव शिंकतं. आम्हीही शिंकतच दवाखान्यात शिरलो. डॉक्टर ममता म्हणून एक तरुण शल्यविशारद होत्या. त्यांनी जखम धुतली, रक्त तपासलं, फोटो काढला, पायाच्या नाडीवर यंत्र ठेवून पाहिलं. साखर नाही. रक्तपुरवठा ठीक. हाड अजून शाबूत. त्यांना कोडं पडलं.

"काका, काही व्यसन?"

"माले कसानं व्यसन? मी तं बिडीबी पेत नही, ताई," बापू म्हणाले. अगदी सरळ मनानं. खोटं बोलत होते असं नाही. त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हतंच.

मी पदराआडून बोलले. "रोज कसुंबा घेतात. अफू. तरुणपणापासून."

बापूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तो काय व्यसन शे का? तो तं मान शे," एवढंच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जखम भरते म्हणजे काय होतं? आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि घाण साफ करतात. मग कडेच्या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात आणि मधल्या खड्ड्याकडे सरकत येतात. त्यांना खायला-प्यायला मिळावं म्हणून केसाएवढ्या बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. अफू या तिन्ही कामांत खोडा घालते. सफाईवाल्या पेशी कमी येतात, कडेच्या पेशी वाढायला आळस करतात, नव्या वाहिन्या फुटायला वेळ लागतो. गंमत म्हणजे आपलं शरीर स्वतःही अफूच्या जातीचं एक रसायन थोडंथोडं बनवत असतं, पेशींना "जरा दमानं" सांगायला. लगाम हवाच, नाहीतर वाढ सैराट होईल. पण बाहेरून रोज आणखी लगाम खेचला तर घोडा उभाच राहतो.

"पोटातल्या बाळालाही हेच," त्या म्हणाल्या. "आई अफू घेत असेल तर बाळ बऱ्याचदा कमी वजनाचं होतं. जिथे जिथे शरीराला नवं काही घडवायचं असतं, तिथे ही आडवी येते. अफू हेच एकमेव कारण, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण बाकी सगळं तपासून झालंय. आणि दुसरं म्हणजे, हिच्यामुळे काकांना दुखतच नाही. दुखलं असतं तर ते या टाचेवर रोज गावभर चालले नसते."

मी मनात म्हटलं, बघा, देवानं अंगातच अफू ठेवलीय, तरी यांना बाहेरची लागते! पण बापूंचा चेहरा पाहिला आणि माझी थट्टा तिथंच विरली. ते टाचेकडे बघत होते.

डॉक्टरांनी मग स्पष्टच सांगितलं. शिवरात्रीपर्यंत मांस धरलं नाही आणि हाडात पू शिरला तर पाऊल कापावं लागेल. अफू एकदम तोडायची नाही, अंगाला सोसणार नाही. त्यासाठी त्या स्वतः गोळ्या लिहून देतील, त्या हळूहळू उतरवत न्यायच्या. आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही.

"आप्पाकडे?" बापूंनी विचारलं.

"कुणाकडेही नाही. निदान चालत तरी नाही."

घरी आल्यावर बापूंनी खल, फडकं, बाटली सगळं माझ्या हवाली केलं. इतक्या सहज दिलं की मलाच धसका बसला.

पुढचे दिवस वाईट होते. अंग मोडून यायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, पोट बिघडलेलं, रात्र रात्र झोप नाही. जखम पहिल्यांदाच दुखायला लागली आणि बापू दात खाऊन बसायचे. नवनीत दोन दिवसांसाठी आला, घाबरला, डॉक्टरांशी फोनवर बोलला आणि रजा संपली म्हणून गेला. त्याला तरी काय बोलणार? गोळी देण्याचं काम माझं. मी ती वाटीत ठेवून त्यांच्यापुढे सरकवत असे. आमच्यात सून सासऱ्याच्या हाताला हात लावत नाही. बापू वाटीकडे बराच वेळ बघत बसायचे आणि मग कडू तोंडानं गोळी उचलून टाकायचे. स्वतःच्या हातानं. एकदा म्हणाले, "बेटा, आते मी बी अफूबाज व्हयनू." मी म्हटलं, "औषध आहे ते, बापू." ते कसनुसं हसले.

आप्पांचाही बंदोबस्त केला होता. बापूंनी बंद केल्यावर आप्पांना तलफ सोसवणार नाही, हे मीच आशाला सांगितलं. तीही त्याच डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन आली. आप्पांना चमच्यानं दिल्या. त्यांचं पाहता पाहता सुटलं, बापूंच्याही आधी.

महिना गेला असेल. बापूंची जीभ जरा चवीवर आली, कण्हणं थांबलं. मी म्हटलं, "बापू, भूपेंद्र मोटारसायकलवर नेतील. पाय टेकवायचाच नाही. आप्पांना भेटून या."

बापूंनी मान हलवली. "रिकाम्या हाते कसा जासू?"

"मग केळी घेऊन जा."

"तसं नही, बेटा." ते म्हणाले. "धुडकूनी हात पुढे करा, नि मी नही म्हनू? त्यानापेक्षा नही गयेलं बरं."

मी डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांचा दोस्त, आणि याला भीती कशाची, तर मान मोडेल! मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. भूपेंद्रनं मोटारसायकल दारात आणून उभी केली. बापू धोतर सारखं करून उंबऱ्यापर्यंत लंगडत आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि परत आत गेले. आप्पांपुढे बसायचं आणि घोट नाकारायचा, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. मी आशाला निरोप दिला, बापूंना जरा वेळ लागेल. आशा म्हणाली, लागू दे.

पौषातल्या थंडीत एका सकाळी आशाचा मुलगा धावत आला. धुडकू आप्पा गेले. झोपेतच.

त्या दिवशी बापूंनी मोटारसायकलची वाट पाहिली नाही. काठी घेतली आणि टाच उचलून, पुढच्या पावलावर जोर देत, गाव ओलांडून गेले. मी मागून, पदर सावरत. अंगणात माणसं जमली होती. आप्पांना घोंगडीवर ठेवलं होतं. बापू त्यांच्याजवळ बसले. रडले नाहीत. शेजारी बसून राहिले, जसे रोज बसायचे तसे.

आशानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला हुंदका आवरेना. "बापू, तुम्ही आप्पास्ले भेटाले काबर उनात नही?" ती म्हणाली. "आप्पा काहीच मांगेत नव्हतात. तलफ कवयच सुटेल व्हती. रोज सकाळे डावा हातघाई उजवा हात उचलेत नि पुढे ठी देयेत. दरवाजाकडे देखत ऱ्हायेत. मी धरू तं मान हालाईसन नको म्हनेत. त्यास्ले मन्हा हात नको व्हता."

बापू तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं, आणि मला इतका राग आला की काय सांगू. बापूंचा, त्या रीतीचा, आणि माझाही, की मी त्यांना उचलून का नेलं नाही. आप्पांना कसुंबा नकोच होता. त्यांना फक्त कुणीतरी आपला तो मेलेला हात खालून धरायला हवा होता. ते एवढ्याचीच वाट बघत होते, आणि हे इकडे मर्यादा सांभाळत बसले होते. दोन म्हातारी माणसं, मध्ये एक गाव, आणि दोघंही एकटे.

मग बापूंनी आप्पांचा उजवा हात चादरीतून काढला. तो आता गारठून ताठ झाला होता. बापूंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिरडी उचलेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर बापूंच्या जखमेनं रंग धरला. हे मला फार विचित्र वाटत होतं. ड्रेसिंग बदलताना नर्स दाखवायची, हे बघा, तळाशी लाल दाणे आले. मग कडेनं गुलाबी कातडीची एक बारीक रेघ दिसली, आणि ती दर आठवड्याला आत आत सरकत गेली. पेशी त्यांचं काम करत होत्या. त्यांना आप्पा गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. शरीर नवं घडवायला लागलं होतं, आणि ते ज्या माणसासाठी घडवत होतं तो खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. जेवायचा, बोलावलं तर ओ द्यायचा. रविवारी नवनीतला "हो, हो" म्हणायचा. मी मुद्दाम जाऊन काहीबाही बडबडायचे, तर बापू ऐकून घ्यायचे. पण मी कोण? मी पुतणसून. मला आप्पांची तालीम माहीत नव्हती, ती बैलगाडी माहीत नव्हती. माझ्याशी ते काय बोलणार?

शिवरात्र झाल्यावर आम्ही पुन्हा नंदुरबारला गेलो. डॉक्टर ममतांनी पट्टी सोडली, टाच उजेडात धरली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काका, कमाल केलीत तुम्ही! बुजली पूर्ण. माझी खात्री होती की पाऊल जाणार. या वयात इतकी जुनी अफू सोडणं सोपं नाही हो." त्यांनी मला बोट लावून दाखवलं, नवी कातडी कशी एकसंध धरलीय. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी देवाचे आभार मानले.

"आता पट्टी नको. मऊ चप्पल घ्या. आणि घरात बसून राहू नका. रोज सकाळी चालायला जा. आधी थोडं, मग वाढवत न्या. जेवढं चालाल तेवढं रक्त खेळेल."

बापूंनी पाय खाली सोडला. नवी टाच फरशीवर टेकवली, तिच्यावर भार देऊन पाहिला. मग त्यांनी वर पाहिलं.

"कोनाकडे, ताई?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं बापू थट्टा करताहेत. त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.